कोलहास म्हणायचं ते कुणाला?

एखादा माणूस सरकारी कचेरीच्या एका नोटिशीविरुद्ध वर्षानुवर्षं भांडत राहिला, की जर्मन भाषेत त्याला चटकन एक आडनाव चिकटतं : कोलहास. आडनाव तसं दुर्मीळच. फोड केली तर 'कोबी' आणि 'ससा' असे दोन निरुपद्रवी शब्द हाती लागतात, पण उच्चारलं की डोळ्यांपुढे येतो तो हाती मशाल घेतलेला घोड्यांचा व्यापारी. म्हणणाऱ्याला बहुधा सुचवायचं असतं की हा गृहस्थ समजावण्यापलीकडे गेला, घर जाळून कोळशाचा व्यापार करायला निघाला. उलट बाजूला, कुठल्याही कारणाने कायदा मोडणारे तेच नाव बिल्ल्यासारखं छातीवर लावतात. मग वाद रंगतो : कोलहास माथेफिरू की हुतात्मा? दोन्ही पक्ष गोष्टीचा उत्तरार्ध तेवढा वाचून आल्यासारखे बोलत राहतात. माझ्या मते हे नाव मुळात कुणाच्या स्वभावाला द्यायचंच नाही. तक्रार ऐकणाऱ्या यंत्रणेत एक ठरावीक बिघाड होतो, त्या बिघाडाचं हे नाव आहे. बिघाड दाखवता येत नसेल तर ते वापरू नये; दाखवता येत असेल तर बोट आधी कचेरीकडे जायला हवं, फिर्यादीकडे नंतर.

मूळ माणूस खरा होता. हान्स कोलहासं, बर्लिनला लागून असलेल्या क्योल्न गावचा व्यापारी. ऑक्टोबर १५३२ मध्ये लाइपझिगच्या जत्रेला जाताना सॅक्सनीतल्या वेलाउने इथे तिथल्या जहागीरदाराच्या, ग्युंटर फॉन झाश्विट्सच्या माणसांनी त्याचे घोडे चोरीचे ठरवून अडकवले. जत्रेचा मुहूर्त हुकला, धंदा बुडाला. परत आल्यावर घोडे हवे असतील तर त्यांच्या चाऱ्याचे पैसे भर, असं त्यालाच सांगण्यात आलं. वाटाघाटी फसल्या आणि १५३४ मध्ये त्याने त्या घराण्याविरुद्धच नव्हे, सबंध सॅक्सनीविरुद्ध वैर जाहीर केलं. असं खासगी युद्ध पुकारण्याची जुनी रीत १४९५ च्या सार्वकालिक शांततेच्या फर्मानाने बंद झाली होती. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने डिसेंबर १५३४ मध्ये त्याला पत्र लिहून, झालेली हानी सोस आणि सूड देवावर सोपव, असं बजावलं. त्याने ऐकलं नाही. २२ मार्च १५४० रोजी बर्लिनमध्ये त्याला चाकावर हाडं मोडून मारण्यात आलं.

जर्मन लेखक हाइनरिश फॉन क्लाइस्टने या माणसाचा 'मिखाएल कोलहास' केला. १८०८ मध्ये एक तुकडा, १८१० मध्ये पूर्ण कथा. क्लाइस्टने काही काळ क्योनिग्सबेर्गच्या सरकारी कचेरीत उमेदवारी केली होती, आणि ते कथेच्या पानापानांत दिसतं. अर्ज कुठून कुठे जातो, वाटेत कुणाच्या टेबलावर थांबतो, उत्तर कोणत्या भाषेत येतं, याचं इतकं काटेकोर वर्णन त्या काळच्या ललित साहित्यात विरळा. म्हणून जाळपोळ बाजूला ठेवून आधी नुसती फाइल वाचावी.

सॅक्सनीतल्या एका जहागीरदाराच्या नाक्यावर कोलहासकडे परवान्याचा कागद मागतात. असा कागद त्याला कधी लागलेला नसतो. तारण म्हणून दोन काळे घोडे आणि त्यांच्या देखभालीला हेर्ज नावाचा नोकर ठेवून तो सॅक्सनीच्या राजधानीला, ड्रेस्डेनला जातो. तिथे कळतं की परवाना ही शुद्ध थाप आहे. तो तसा लेखी दाखला घेतो. संतापाने नव्हे, थोडं हसूनच. परत येतो तर घोडे शेतात राबवून हाडाचा सापळा झालेले, आणि हेर्जला मारून हाकललेलं. यानंतर कोलहास जे करतो ते त्याला माथेफिरू म्हणणाऱ्यांनी जरूर वाचावं. घरी जाऊन तो आपल्याच नोकराची उलटतपासणी घेतो. तूच काही आगळीक केली नाहीस ना? गोठ्यात अडचण होती म्हणून पळून तर आला नाहीस? हेर्ज सांगतो की घोडे डुकरांच्या खुराड्यात कोंबले होते, इतक्या बुटक्या जागेत की छपराच्या फळ्या काढल्यावर त्यांच्या माना हंसांसारख्या वर आल्या. चूक नोकराची निघाली असती तर घोड्यांवर पाणी सोडायची कोलहासची तयारी होती. सगळं पडताळल्यावरच तो दावा लावतो, आणि मागण्या तीनच : जहागीरदाराला कायद्याप्रमाणे शिक्षा, घोडे पूर्वीसारखे धष्टपुष्ट करून परत, आणि आपलं नि हेर्जचं झालेलं नुकसान.

पहिली पायरी ड्रेस्डेनचं न्यायालय. वर्षभराने वकील कळवतो की वरून आलेल्या सूचनेवरून दावा निकालात काढला. कारण? जहागीरदाराचे दोन नातेवाईक, हिन्त्स आणि कुन्त्स, दरबारात मानकरी. दुसरी पायरी कोलहासच्या स्वतःच्या मुलखाच्या, ब्रांडेनबुर्गच्या राजाकडे अर्ज. तो जातो काउंट काल्हाइम यांच्याकडे. ते चौकशीची मागणी ड्रेस्डेनकडे करण्याऐवजी 'प्राथमिक माहिती' मागवतात थेट आरोपीकडूनच, आणि तेही त्याच घराण्याचे सोयरे निघतात. उत्तर येतं की फिर्यादी हा 'निरुपयोगी क्वेरुलांट', म्हणजे उगाच तक्रारी करत सुटणारा माणूस आहे. घोडे त्याचे त्याने घेऊन जावेत आणि राज्याच्या कचेरीला असल्या कटकटींपासून मोकळं ठेवावं. तिसरी पायरी सर्वांत वाईट. बायको लिसबेट स्वतः अर्ज घेऊन बर्लिनला जाते, राजाच्या फार जवळ गेली म्हणून पहारेकऱ्याच्या भाल्याचा दांडा तिच्या छातीत बसतो आणि ती मरते. तिला पुरण्याच्या दिवशीच सरकारी उत्तर हाती पडतं : या प्रकरणी पुन्हा अर्ज केल्यास तुरुंग.

आता हे लक्षात घ्या. 'क्वेरुलांट' हा शिक्का कचेरीने मारला तेव्हा कोलहासच्या नावावर होता एक दावा, एक अर्ज आणि लेखी पुरावा. एक काडीही पेटलेली नव्हती. शिक्का आधी आला, आग नंतर. आज हे आडनाव शिवीसारखं वापरणारे काल्हाइमचंच काम पुढे चालवत असतात, फक्त काल्हाइमकडे तेव्हा अजून हा शब्द नव्हता.

विरुद्ध बाजूचे मुद्दे कच्चे नाहीत. पहिला आणि सर्वांत जड मुद्दा रक्ताचा. कोलहास जहागीरदाराच्या गढीवर तुटून पडतो तेव्हा तिथल्या कारभाऱ्यांची प्रेतं बायकामुलांसकट खिडकीतून फेकली जातात. विटेनबर्गला तीनदा आग लागते, लाइपझिग पेटतं. पुढे तो जाहीरनाम्यांखाली स्वतःला देवदूत मिखाएलचा सुभेदार म्हणवतो. इथे त्याचं डोकं ठिकाणावर होतं असं कुणी म्हणू नये. खुद्द क्लाइस्ट म्हणत नाही. पहिल्याच वाक्यात तो त्याला आपल्या काळातला एक अत्यंत सचोटीचा आणि त्याच वेळी अत्यंत भयंकर माणूस ठरवतो, आणि पुढे स्पष्ट लिहितो की न्यायबुद्धीनेच त्याला लुटारू आणि खुनी केलं. त्या न्यायबुद्धीला उपमा दिली आहे सोनं तोलायच्या काट्याची. उपमा दुधारी आहे. सोनाराचा काटा गुंजेच्या फरकाने हलतो, तोच त्याचा गुण. पण त्याच काट्यावर कुणी अख्खं शहर तोलायला घेतलं तर काटाच मोडणार. ज्यांना कोलहासची पूजा बांधायची आहे त्यांनी खिडकीतून पडणारी ती मुलं आधी मोजावीत.

पण हा मुद्दा मान्य केल्याने काय सिद्ध होतं? त्याला शिक्षा व्हायला हवी, एवढंच. त्याचा घोड्यांचा दावा खोटा होता, हे त्यातून निघत नाही. चर्चेत नेमकी इथेच गल्लत होते. माणसाने नंतर केलेल्या गुन्ह्याने त्याची आधीची तक्रार पुसली जाते, असं गृहीत धरलं जातं, आणि पूजकांची चूक तिची आरशातली प्रतिमा : आधीचा अन्याय खरा म्हणून नंतरचा गुन्हा माफ. कथेतलं न्यायालय दोघांपेक्षा शहाणं निघतं. ते दोन वह्या वेगळ्या ठेवतं. एका वहीत घोडे, दुसरीत शांतताभंग. शेवटी दोन्हींचा निकाल लागतो आणि दोन्ही एकाच दिवशी अमलात येतात.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा. दोन घोड्यांपायी एवढं? व्यवहारी माणूस म्हणेल, नुकसान सोस आणि धंद्याला लाग. कथेतला ल्यूथरही रात्री भेटायला आलेल्या कोलहासला हेच विचारतो : घोडे होते तसे रोडके घेऊन घरी खाऊ-पिऊ घातलं असतं तर काय बिघडलं असतं? कोलहासचं उत्तर गुळमुळीत आहे, म्हणून मला ते खरं वाटतं. कदाचित, कदाचित नाही. बायकोच्या रक्ताने घोडे उभे करावे लागतील हे आधी कळलं असतं तर मीही तसंच म्हणालो असतो. पण प्रमाणाचा हा हिशेब नेहमी ज्याचं गेलं त्यालाच का मांडायला लावायचा? खोटा परवाना मागणाऱ्याचा सगळा धंदाच या गणितावर उभा असतो. रक्कम इतकी लहान ठेवायची की दाव्याचा खर्च त्याहून जास्त पडावा. शंभर व्यापारी शहाणपणाने पैसे टाकून निघून गेले, की एकशे एकाव्याकडे दस्तूर म्हणून मागता येतात. १८७२ मध्ये व्हिएन्नातल्या व्याख्यानात कायदेपंडित रुडॉल्फ फॉन येरिंग यांनी जवळजवळ हेच मांडलं आणि त्यात कोलहासचा दाखला दिला : हक्कासाठी भांडणारा स्वतःपुरता भांडत नाही, तो कायदा जिवंत ठेवत असतो. येरिंग यांचं सगळंच मला पटत नाही. हक्कासाठी भांडणं हे कर्तव्य ठरवलं, की गप्प बसलेल्या गरिबाला आपण भेकड म्हणायला लागतो, आणि दाव्याचा खर्च सर्वांना सारखा परवडत नाही. पण घोड्यांची किंमत काढून दाव्याची किंमत ठरत नाही, एवढं त्यांचं म्हणणं निखालस बरोबर आहे.

तिसरा मुद्दा कामाचा, आणि तो न्यायालयांत काम करणारे जास्त मांडतात : खरेखुरे क्वेरुलांट असतात की! असतातच. प्रशियाच्या १७९० च्या दशकातल्या न्यायसंहितेत त्यांच्यासाठी शिक्षेची तरतूद होती. पुढे मनोविकारतज्ज्ञांनी त्यांना आजारात बसवलं. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत तक्रारखोर भ्रमविकाराची नोंद आहे. एकाच प्रकरणावर शेकडो पानं लिहिणारा, प्रत्येक निकालानंतर न्यायाधीशालाही आरोपी करणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना 'सगळ्यांचं ऐकून घ्या' हा उपदेश पोकळ वाटणार.

तरीही ओळखायच्या खुणा आहेत, आणि त्या कथेतच पडून आहेत. मागण्या मोजाव्यात. क्वेरुलांटची मागणी दर अर्जागणिक फुगते. कोलहासच्या तीन मागण्या पहिल्या दाव्यापासून वधस्तंभापर्यंत त्याच राहतात, मधल्या काळात तो अर्धं सॅक्सनी पेटवत असतानाही. पुरावा पाहावा : त्याने स्वतःविरुद्ध जाणारी शक्यता तपासली का? आणि सर्वांत महत्त्वाचं, मूळ तक्रार गुणदोषांवर एकदा तरी ऐकली गेली का? दहा अर्ज आले एवढं सांगून काही कळत नाही. पहिल्याचं उत्तर तर्कासह मिळालं असेल तर उरलेले नऊ उपद्रव. पहिल्यालाच 'वरून सूचना' आली असेल, तर उरलेले नऊ हा पहिल्याचा बाकी राहिलेला हिशेब.

हे उलटंही फसतं. राज्यकर्त्याने तक्रारदाराची बाजू घेतली की न्याय झाला, असंही नाही. प्रशियातल्या पोमर्झिगचा गिरणीवाला आर्नोल्ड याचं प्रकरण घ्या. वरच्या अंगाला एका अधिकाऱ्याने १७७० मध्ये माशांची तळी केली. पाणी कमी झालं म्हणून आर्नोल्डने खंड थकवला आणि १७७८ मध्ये गिरणीचा लिलाव झाला. तो अर्ज करत राहिला, आणि डिसेंबर १७७९ मध्ये प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेटने चिडून आपल्या मुख्य न्यायमंत्र्याला घरी बसवलं, न्यायाधीशांना तुरुंगात टाकलं. लोकांनी जयजयकार केला. पण पाणी खरंच किती घटलं, या प्रश्नाचा निवाडा न्यायाधीश करत होते; राजाने निवाडा न करता हुकूम दिला. १७८६ मध्ये फ्रेडरिक वारल्यावर त्या न्यायाधीशांची नावं धुऊन निघाली. तक्रारदाराला हुतात्मा मानून फाइल न वाचणं आणि क्वेरुलांट मानून फाइल न वाचणं, यात बिघाड एकच आहे.

जुन्या काळाची उदाहरणं सोयीची असतात, म्हणून एक ताजं. न्युर्नबर्गच्या गुस्टल मोलाट यांनी, आपली पत्नी जिथे काम करायची त्या बँकेतून काळा पैसा स्वित्झर्लंडला जातो, अशी तक्रार केली होती. मारहाणीच्या वगैरे आरोपांच्या खटल्यात २००६ मध्ये न्यायालयाने त्यांना भ्रमिष्ट ठरवून मनोरुग्णालयात धाडलं, आणि पैशांविषयीचं त्यांचं बोलणं हाच भ्रमाचा एक पुरावा मानला गेला. बँकेच्या २००३ च्या अंतर्गत तपासणीत मात्र, पडताळता येण्याजोगे त्यांचे सगळे आरोप खरे निघाल्याची नोंद पडून होती. २०१३ मध्ये सुटका, २०१४ मध्ये फेरखटल्यात दोषमुक्ती. मोलाट संत होते का, हा प्रश्नच गैरलागू. सात वर्षं एका वहीतली नोंद दुसऱ्या वहीत मांडली जात होती.

मराठीत या नावाला जोड शोधायला गेलं की एक गंमत दिसते. निःस्पृह न्यायाधीशासाठी आपल्याकडे नाव आहे : रामशास्त्री. जुलमी कोतवालासाठी आहे : घाशीराम. फितुरासाठी सूर्याजी पिसाळ, आणि त्या नावावर इतिहासकारांचे वाद चालू असले तरी शिवी म्हणून ते ठाम बसलं आहे. फिर्यादीसाठी मात्र नाव नाही. त्याच्यासाठी आहे ती म्हण : शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हणजे पायरी चढला तो मुळात शहाणाच नव्हे! काल्हाइमने ही म्हण सोन्याच्या अक्षरांत मढवून कचेरीत लावली असती.

कायदा मात्र म्हणीपेक्षा सावध आहे. त्रासदायक दावे रोखण्यासाठी महाराष्ट्राचा १९७१ चा अधिनियम आहे. त्याची मुळं इंग्लंडच्या १८९६ च्या कायद्यात. महाधिवक्त्याने अर्ज करायचा, उच्च न्यायालयाने त्या माणसाची बाजू ऐकायची, आणि त्याने सवयीने व वाजवी कारणाशिवाय असे दावे लावले आहेत अशी खात्री पटली तरच त्याला पुढच्या दाव्यासाठी आधी परवानगी घ्यायला लावायचं. अटी दोन आहेत, सवय आणि कारणाचा अभाव. बोलण्यात आपण पहिलीच लक्षात ठेवतो. 'त्याने माहिती अधिकाराचे चाळीस अर्ज टाकले' हे वाक्य असं उच्चारलं जातं, जणू आकडाच निकाल आहे. चाळीस का झाले? २००५ च्या कायद्याप्रमाणे माहिती द्यायला ३० दिवस. ती न मिळाल्यास पहिलं अपील, तेही त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. मग ९० दिवसांत दुसरं अपील आयोगाकडे. पहिल्या अपिलात शेजारच्या खोलीतला साहेब आपल्याच हाताखालच्याचं उत्तर तपासत असतो. आणि साधी तक्रार? 'उचित कार्यवाहीसाठी अग्रेषित' होऊन ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याच टेबलावर उतरते. 'प्राथमिक माहिती आरोपीकडूनच' ही काल्हाइमची युक्ती कुणी शिकवावी लागत नाही. कागद आपल्या वजनाने उतारावर तिकडेच घरंगळतो. एवढ्यावरून आपल्या प्रत्येक अर्जदाराला कोलहास ठरवायची गरज नाही. बहुतेकांच्या अर्जांत तीन ओळींची मागणी शोधूनही सापडत नाही, आणि काहींचा तर तो धंदा असतो. पण ते ठरवायचं अर्ज वाचून.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण परतवता येत नाही. कथेत न्याय मिळतो तो यंत्रणा सुधारली म्हणून नव्हे. ल्यूथरच्या शब्दावर मिळालेलं अभयपत्र सॅक्सनी मोडते. मग ब्रांडेनबुर्गचा राजा आपला प्रजाजन म्हणून कोलहासला मागून घेतो, काल्हाइमला हाकलतो, सम्राट मध्ये पडतो. म्हणजे आग लावली म्हणूनच तीन मागण्या मान्य झाल्या? उत्तर अर्धं 'हो' आहे, आणि म्हणूनच ही कथा दोनशे वर्षं टोचते. अमेरिकन कादंबरीकार डॉक्टरोव यांनी १९७५ मध्ये 'रॅगटाइम'मध्ये तिला नवा वेश दिला तेव्हा हीच गाठ त्यांनी जशीच्या तशी ठेवली : कृष्णवर्णीय वादक कोलहाउस वॉकर, त्याची नासवलेली फोर्ड मोटार, आधी पोलीस, मग वकील, मग मदत मागायला गेलेल्या वाग्दत्त वधूचा मृत्यू, मग बाँब. मोटार शेवटी दुरुस्त होऊन मिळते. तो बाहेर पडताच गोळ्यांनी मरतो. पण 'आगीशिवाय ऐकलं नाही' यावरून 'आग योग्य' असा निष्कर्ष काढणाऱ्याने मधलं पद गाळलं आहे. ऐकायचं काम आगीआधी कुणाचं होतं, ते.

म्हणून शेवटचा प्रसंग जाळपोळीपेक्षा जास्त वाचला जावा. बर्लिनचं मैदान, वधस्तंभ, गर्दी. जे घोडे मधल्या काळात मेलेली जनावरं ओढणाऱ्याच्या हाती पडून विटाळले मानले गेले होते, ते आता तुकतुकीत होऊन खूर आपटत उभे आहेत. जहागीरदाराला दोन वर्षांचा तुरुंग झाला आहे. राजा कोलहासला निकालपत्र देतो. त्यात हेर्ज पळताना गव्हाणीमागे राहिलेल्या त्याच्या वस्तूंचीही भरपाई आहे : गळ्यातला रुमाल, गुल्डनची नाणी, कपड्यांचं गाठोडं. हेर्ज केव्हाच मेलेला असतो. त्याच्या उपचाराचा खर्चही यादीत आहे. माझ्यावर समाधानी आहेस का, राजा विचारतो. कोलहास कागद वरपासून खालपर्यंत वाचतो, गुडघे टेकतो, आणि दुसऱ्या वहीचा हिशेब द्यायला ओंडक्याकडे जातो.